टेसरॅक्टची बांधणी आणि डिपेंडन्सींची यादी : एक परीक्षण

एखादे सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून बांधायचे असेल, तर ते ज्या दुसऱ्या लायब्रऱ्यांवर विसंबून असते त्या आधी संगणकावर असाव्या लागतात. या लायब्रऱ्यांना त्या सॉफ्टवेअरच्या डिपेंडन्सी म्हणतात, आणि त्यांची यादी बहुतेक प्रकल्पांच्या कागदपत्रांत कुठेतरी एका पानावर दिलेली असते. हे पान सहसा कोणी वाचत नाही. त्यातल्या ओळी उचलून टर्मिनलमध्ये चिकटवल्या जातात, बिल्ड पार पडले की पान बंद होते. या टिपणात असेच एक पान आपण सावकाश वाचणार आहोत आणि ते चांगले लिहिले आहे का, हे तपासणार आहोत. पान आहे टेसरॅक्ट या ओसीआर प्रोग्रॅमच्या बांधणीचे. ओसीआर म्हणजे छापील पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर तयार करणे.

टेसरॅक्टच का, हे आधी सांगतो. रायपूरच्या बूढापारा भागात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. सप्रे (१८७१–१९२६) घरचे मराठी, लेखणी हिंदीतली. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक त्यांनी १९०० साली पेंड्रा येथून सुरू केले, आणि त्यांच्यासोबतची नावे होती रामराव चिंचोलकर व वामन बळीराम लाखे. पुढे सप्रे यांनी समर्थांचा दासबोध आणि टिळकांचे गीतारहस्य हिंदीत आणले. आता समजा, बूढापाऱ्यातल्या एखाद्या विद्यार्थ्याला सप्रे यांच्या जुन्या छापील पानांचा शोधता येईल असा मजकूर करायचा आहे. पान देवनागरी, भाषा हिंदी, मध्ये मराठी नावे आणि मराठी शब्द, छपाई शंभर वर्षांपूर्वीच्या खिळ्यांची. अशा कामाला विनामूल्य आणि खुल्या सोर्सचे जे साधन चटकन हाती येते ते टेसरॅक्ट. कॉलेजच्या संगणकावर त्याची जुनी आवृत्ती असते, नवी टाकायला प्रशासकाचा पासवर्ड लागतो, म्हणून तो विद्यार्थी सोर्स कोड उतरवून आपल्याच फोल्डरमध्ये बांधायला बसतो. इथून पुढे त्याचे काम कसे होते, हे बरेचसे त्या एका पानाच्या लिखाणावर ठरते.

टेसरॅक्टचा इतिहास थोडक्यात असा. ह्यूलेट-पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात ते घडले, २००५ साली खुले झाले, २००६ पासून २०१८ पर्यंत त्याचे काम गूगलमध्ये चालले आणि आता ते स्वयंसेवक सांभाळतात. २०१८ च्या ऑक्टोबरात आलेल्या ४.० आवृत्तीत न्यूरल नेटवर्कवर चालणारी नवी पद्धत आली. पण टेसरॅक्ट स्वतः चित्राची फाइल उघडत नाही. ते काम लेप्टोनिका ही लायब्ररी करते. डॅन ब्लूमबर्ग यांनी लिहिलेली ही लायब्ररी चित्र वाचणे, ते काळे-पांढरे करणे, तिरके असेल तर सरळ करणे अशी कामे करते. लेप्टोनिका नसेल तर टेसरॅक्ट बांधलेच जात नाही.

पानाच्या बऱ्याच वर्षे चाललेल्या आवृत्तीतली चांगली गोष्ट आधी नोंदवू. तिथे एक छोटा तक्ता होता. टेसरॅक्टच्या कोणत्या आवृत्तीला लेप्टोनिकाची कोणती आवृत्ती लागते, हे त्यात होते : ३.०२ ला १.६९, ३.०३ ला १.७०, ३.०४ ला १.७१, ३.०५ ला १.७४.० आणि ४.०० ला १.७४.२. आणि शेजारी तिसरा रकाना, ही लेप्टोनिका उबुंटूच्या कोणत्या आवृत्तीत तयार मिळते. ३.०३ साठी १४.०४, ३.०४ साठी १६.०४. ४.०० समोर लिहिले होते की लेप्टोनिकाही सोर्सपासूनच बांधा. हा तिसरा रकाना ज्याने घातला त्याला वाचकाची अडचण ठाऊक होती. 'लेप्टोनिका १.७४.२ हवी' एवढ्याने विद्यार्थ्याला कळत नाही की ती आपल्याकडे आहे की नाही. 'तुमच्या उबुंटूत ती नाही' म्हटल्यावर पुढची पायरी लगेच दिसते. असा तक्ता शिळा होतो हे खरे, उबुंटू १८.०४ आल्यावर त्यातल्याच लेप्टोनिकाने ४.०० चे काम भागत होते. पण तारीख उलटलेली अचूक माहिती वाचकाला निदान तपासून पाहता येते. मोघम माहितीचे तेही करता येत नाही.

आता खरी अडचण. पानावर 'या लायब्रऱ्या लागतील' म्हणून जी यादी आहे, तिच्यात सी++ चा कंपायलर आहे, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल आहेत, पीकेजी-कॉन्फिग आहे, आणि त्याच ओळीत, त्याच सुरात, लिबपीएनजी, लिबजेपीईजी, लिबटिफ आणि झेडलिब आहेत. सगळ्यांसमोर एकच क्रिया : इन्स्टॉल करा. त्यानंतर वेगळा परिच्छेद येतो, लेप्टोनिकाही लागेल.

वाचकाला इथे दोन गोष्टी कळत नाहीत. पहिली, पीएनजी, जेपीईजी आणि टिफ या चित्र-प्रकारांच्या लायब्रऱ्या मुख्यतः टेसरॅक्टला नव्हे, लेप्टोनिकाला हव्या असतात. दुसरी, आणि सगळे गाडे इथेच अडते : कंपायलर नसला तर बिल्ड थांबते, पण लिबटिफ नसली तर थांबत नाही. लेप्टोनिका बांधली जाते, टेसरॅक्ट बांधले जाते, शेवटची ओळ यशाची येते. चूक नंतर कळते, पहिले स्कॅन केलेले पान उघडताना.

हे कसे घडते ते पाहण्याजोगे आहे, कारण ही रचना पुष्कळ सी प्रकल्पांत सापडते. लेप्टोनिकाच्या सोर्समध्ये टिफ फाइल वाचण्या-लिहिण्याच्या फंक्शनांची एक फाइल आहे. तिच्याच जोडीला दुसरी एक फाइल आहे, जिच्या नावाच्या शेवटी 'स्टब' लागते. त्या स्टब-फाइलीत फंक्शनांची नावे तीच, घ्यायचे-द्यायचे प्रकार तेच, पण आत काही नाही. बोलावले की 'हे फंक्शन उपलब्ध नाही' असा संदेश छापून ते परत येते. पीएनजी, जेपीईजी, वेबपी यांच्यासाठीही अशाच जोड्या आहेत. कॉन्फिगर स्क्रिप्ट चालते तेव्हा ती लिबटिफ शोधते. सापडली तर खरी फाइल कामाला लागते, नाही सापडली तर स्टब. दोन्ही वेळा लिंकरला हवी ती नावे मिळतात, म्हणून तक्रार करायला त्याला कारणच उरत नाही.

रचना म्हणून यात चूक नाही. मोबाइलवरच्या एखाद्या अॅपला फक्त जेपीईजी हवे असेल तर त्याच्यावर बाकी चार लायब्रऱ्यांचा भार कशाला? लेप्टोनिका एकही चित्र-लायब्ररी न घेता बांधता येते, ही तिची सोय आहे. मात्र कोडने ही मोकळीक दिली की कागदावरची जबाबदारी वाढते. कॉन्फिगर स्क्रिप्ट शेकडो ओळी छापते, त्यांत 'टिफ : नाही' ही एक ओळ येऊन जाते. ती ओळ पाहण्यासारखी आहे हे फक्त पानच सांगू शकते, आणि हे पान सांगत नाही.

आपल्या विद्यार्थ्याचे काय होते पाहा. त्याच्या संगणकावर टिफ आणि पीएनजी चित्रे दर्शकात झकास उघडतात, म्हणून लायब्ररी आहेच असे त्याला वाटते. आहेही. पण चालवायची लायब्ररी वेगळी आणि बांधणीला लागणाऱ्या हेडर फाइली वेगळ्या. डेबियन-उबुंटूत त्या 'डेव्ह' असे शेपूट लावलेल्या वेगळ्या पॅकेजात असतात. ते पॅकेज नाही, म्हणून कॉन्फिगरला 'नाही' दिसते. बिल्ड होते. तो सप्रे यांच्या पानाची टिफ फाइल देतो, आणि 'फंक्शन उपलब्ध नाही' असे उत्तर येते. त्याला वाटते स्कॅन बिघडले. तो तेच पान जेपीईजी करून देतो, कारण जेपीईजीची डेव्ह लायब्ररी योगायोगाने आधीच होती. काम चालते! मग साऱ्या पानांचे जेपीईजी होते. जेपीईजी माहिती टाकून देऊन फाइल लहान करते, आणि अक्षरांच्या कडांपाशी तिचा डाग उठतो. जुन्या खिळ्यांच्या छपाईत अनुस्वाराचा ठिपका चार-पाच पिक्सेलांचा. रफार, मात्रा, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या तशाच बारीक. मजकुरात चुका वाढतात आणि दोष जातो टेसरॅक्टच्या देवनागरीला. सुरुवात कुठे झाली होती, तर यादीतल्या एका ओळीत, जिच्यात कारण लिहिलेले नव्हते.

पुढचा पेच याच्याच पोटातला. विद्यार्थ्याने कुठेतरी वाचून लिबटिफचे डेव्ह पॅकेज टाकले, तरी काही बदलत नाही. लेप्टोनिका बांधली त्या क्षणी स्टब आत बसला आहे. लेप्टोनिका पुन्हा कॉन्फिगर करून, पुन्हा बांधून, पुन्हा बसवावी लागते. पानावर चित्र-लायब्रऱ्या लेप्टोनिकाच्या आधी लिहिल्या आहेत, म्हणजे वरून खाली जो इमानाने जाईल त्याचे निभावते. पण क्रमात दडलेला हा अर्थ शब्दांत कुठेच उतरलेला नाही. आणि असे पान वरून खाली वाचतो कोण? ज्याचे काही अडले आहे तो मधूनच वाचतो.

ही टीका अवाजवी नाही, हे दाखवायला बाहेर जायची गरज नाही, कारण त्याच टेसरॅक्टमध्ये हीच गोष्ट नीट केलेली आढळते. टेसरॅक्टला नव्या टाइपासाठी शिकवायचे असेल तर प्रशिक्षणाची साधने लागतात आणि त्यांना आयसीयू, पँगो व कैरो या लायब्रऱ्या लागतात. का लागतात, हे देवनागरी वाचणाऱ्याला सहज कळेल : प्रशिक्षणासाठी मजकूर फाँटमध्ये मांडून त्याचे चित्र करावे लागते, आणि 'क्ष्म्य' किंवा 'र्त्स्य' सारखी जोडाक्षरे, किंवा व्यंजनाच्या आधी दिसणारी पण नंतर उच्चारली जाणारी ऱ्हस्व वेलांटी, हे मांडणीचे काम पँगो आणि तिच्या खालची हार्फबझ करते. आता आयसीयू नसेल तर टेसरॅक्टची कॉन्फिगर स्क्रिप्ट काय करते? ती थांबत नाही, पण बजावते : आयसीयू ५२.१ किंवा पुढची हवी होती, सापडली नाही. प्रशिक्षणाची साधने बांधली जाणार नाहीत. अमुक नावाचे पॅकेज टाकून पाहा. शेवटी, सगळे संपल्यावर, पुन्हा एकदा सांगते की प्रशिक्षणाची साधने तुम्हाला बांधता येणार नाहीत. तीन वाक्यांत काय हवे, कोणत्या आवृत्तीचे, नसल्याने काय गमावाल आणि मिळेल कसे, हे सगळे आले. पानावरही या तीन लायब्रऱ्या वेगळ्या काढून 'प्रशिक्षणाची साधने हवी असतील तर' असे म्हटले आहे. आयसीयूला जो न्याय मिळाला तो लिबटिफला मिळाला नाही, आणि त्याचे कारण बहुधा एवढेच की आयसीयू टेसरॅक्टची स्वतःची डिपेंडन्सी आहे आणि लिबटिफ एक घर ओलांडून पलीकडची. कागद लिहिणारा आपल्या अंगणापुरते झाडतो.

एक गोष्ट मात्र टेसरॅक्टच्या बाजूने ठळकपणे सांगायला हवी. बांधलेल्या प्रोग्रॅमला त्याची आवृत्ती विचारली की तो स्वतःच्या आकड्याखाली लेप्टोनिकाचा आकडा देतो, आणि त्याखाली एका ओळीत ती लेप्टोनिका कोणकोणत्या चित्र-लायब्रऱ्या घेऊन बांधली आहे तेही देतो : लिबजीआयएफ, लिबजेपीईजी, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब, लिबवेबपी, प्रत्येकीच्या आवृत्तीसह. या ओळीत लिबटिफ नसेल तर स्टब बसला आहे. पाच सेकंदांत निदान. शिवाय उबुंटूची जुनी लेप्टोनिका एका जागी आणि आपण बांधलेली नवी दुसऱ्या जागी असेल, तर प्रोग्रॅमने प्रत्यक्षात कोणती उचलली हेही तिथेच कळते. ही ओळ पाहायला सांगणारे वाक्य बांधणीच्या सूचनांच्या शेवटी असायला हवे होते.

डिपेंडन्सी म्हणजे फक्त लायब्ररी, असे धरून चालल्यानेही या पानाचे नुकसान होते. टेसरॅक्टला भाषेची माहिती असलेली फाइल लागते. मराठीची 'मार', हिंदीची 'हिन' या तीन अक्षरी नावाने, आणि ४.० पासून सबंध देवनागरी लिपीसाठीही एक. ती कंपाइल होत नाही, लिंक होत नाही, पण तिच्याशिवाय प्रोग्रॅम निरुपयोगी आहे. मागितलेली फाइल सापडली नाही तर प्रोग्रॅम स्पष्ट चूक दाखवतो, हे ठीक. पण भाषा सांगायलाच विसरलात तर तो इंग्रजी धरतो आणि सप्रे यांच्या देवनागरी पानातून रोमन अक्षरांचा कचरा गाळून देतो, कोणतीही तक्रार न करता. पुन्हा तीच जात : न थांबवणारी उणीव.

त्या फाइली कुठे आहेत हे सांगणारा एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, टेसडेटा-प्रीफिक्स. जुन्या ३.x आवृत्त्यांत त्याचा अर्थ होता, 'टेसडेटा फोल्डर ज्याच्या आत आहे ते फोल्डर'. ४.० मध्ये अर्थ झाला, 'टेसडेटा हेच फोल्डर'. चूक-संदेशातले वाक्यही त्याप्रमाणे बदलले. परिणाम असा की जालावर सापडणारी दोन उलट उत्तरे आपापल्या काळी दोन्ही बरोबर आहेत, आणि विद्यार्थी दोन्ही आलटून पालटून करून पाहतो. अर्थ बदलला तेव्हा नाव बदलले असते तर बरे झाले असते. तेवढे जमले नाही, तर निदान पानावर 'आवृत्ती ४.० पासून' हे शब्द हवेत.

इतर प्रकल्प काय करतात? लिनक्स कर्नलच्या कागदपत्रांत किमान गरजांचा एक तक्ता आहे. प्रत्येक साधनासमोर किमान आवृत्ती आणि आपल्याकडची आवृत्ती कशी पाहायची ती आज्ञा, आणि खाली प्रत्येकाबद्दल ते कशासाठी लागते याचा छोटा परिच्छेद. पायथॉन सोर्सपासून बांधताना बिल्डच्या शेवटी एक यादी येते : हे ऐच्छिक मॉड्यूल बांधता आले नाहीत. ज्यांनी ही यादी न वाचता पुढे जाऊन दोन दिवसांनी 'स्क्लाइट' किंवा 'सीटाइप्स' मॉड्यूल सापडत नाही अशी चूक पाहिली आहे, त्यांना तिचे मोल वेगळे सांगायला नको. तरीही ती फक्त मॉड्यूलचे नाव देते; कोणती लायब्ररी टाकायची ते हुडकण्याचे काम वाचकाचेच राहते. 'बियाँड लिनक्स फ्रॉम स्क्रॅच' हे पुस्तक प्रत्येक पॅकेजच्या डिपेंडन्सी 'आवश्यक', 'शिफारस' आणि 'ऐच्छिक' अशा तीन गटांत देते. मधला गट फार उपयोगी आहे, कारण लिबटिफ नेमकी तिथली. नसली तरी चालेल, पण बहुतेकांना हवीच असेल.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे : कागदावर यादी लिहायचीच कशाला? डेबियनच्या प्रत्येक पॅकेजमध्ये बांधणीच्या डिपेंडन्सींची यंत्राला वाचता येणारी यादी असते, आणि पॅकेज कोऱ्या वातावरणात बांधले जात असल्याने यादीत काही राहिले तर बिल्ड पडते. माणसाच्या लिखाणापेक्षा ही यादी जास्त विश्वासाची. मान्य, पण अर्धे. कोऱ्या वातावरणातली बांधणी जी लायब्ररी नसली की थांबते तीच पकडते. यादीतून लिबटिफ गळली तर त्या कोऱ्या वातावरणातही लेप्टोनिका आनंदाने बांधली जाईल, स्टबसकट. ती उणीव पकडायची तर कोणीतरी 'टिफ उघडते का' अशी चाचणी लिहावी लागते, आणि चाचणी लिहायला ही लायब्ररी कशासाठी आहे हे माणसाला ठाऊक असावे लागते.

दुसरा आक्षेप स्वयंसेवकांच्या वेळेचा. पॅकेजांची नावे प्रत्येक वितरणात निराळी, दर दोन वर्षांनी बदलणारी. लिबपीएनजीच्या पॅकेजाचेच नाव किती वेळा बदलले. सगळे कोण अद्ययावत ठेवणार? म्हणूनच पॅकेजाच्या नावापेक्षा कारण लिहिणे स्वस्त पडते. नाव शिळे होते, 'टिफ प्रकारची चित्रे वाचण्यासाठी' हे शिळे होत नाही. कारण माहीत असलेला वाचक फेडोरावर असो की उबुंटूवर, नाव स्वतः शोधून काढतो.

तेव्हा त्या पानावरची लिबटिफची ओळ मी अशी लिहीन : 'लिबटिफ (हेडर फाइलींसह) : लेप्टोनिकाला टिफ चित्रे वाचण्यासाठी लागते. स्कॅन केलेली पाने बहुधा टिफमध्ये असतात. ही नसली तरी लेप्टोनिका आणि टेसरॅक्ट दोन्ही बांधले जातील, पण टिफ फाइल दिल्यावर "फंक्शन उपलब्ध नाही" अशी चूक येईल. लेप्टोनिका कॉन्फिगर करण्याआधी टाका. नंतर टाकल्यास लेप्टोनिका पुन्हा बांधा. बांधून झाल्यावर टेसरॅक्टची आवृत्ती विचारा आणि लेप्टोनिकाखालच्या ओळीत लिबटिफ आहे का पाहा.' एका ओळीची सहा वाक्ये झाली. पीएनजी आणि जेपीईजीसाठी यातली चार तशीच राहतील, म्हणून तिन्ही एकत्र घेऊन लेप्टोनिकाच्या परिच्छेदात, त्याच्या वरच्या टोकाला, ठेवता येतील. आणि भाषेच्या फाइलींसाठी एक वेगळी नोंद त्याच पानावर, बांधणीच्या आज्ञांच्या लगेच खाली : कोणत्या फाइली, कोणत्या फोल्डरात, आणि मराठी-हिंदी मिसळलेल्या पानासाठी दोन्ही भाषा अधिक चिन्हाने जोडून एकाच आज्ञेत कशा द्यायच्या.